एकटा मॅकार्टनी: वाचकांची मतं, माईकवाल्याची उत्तरं

मागच्या अंकात मी बीटल्स या इंग्लिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीच्या पहिल्या एकट्याच्या तबकडीविषयी थोडं लिहिलं होतं. तबकडीचं नाव त्याचंच आडनाव, ‘मॅकार्टनी’. बाहेर आली 17 एप्रिल 1970 रोजी, बीटल्स मोडल्याची बातमी फुटल्यानंतर अगदी आठवड्याभरात. तेरा गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटं. गिटार, बेस, पियानो, ड्रम सगळं त्याने स्वतः वाजवलेलं, सोबतीला फक्त बायको लिंडाचा आवाज. मधली गाणी न ओलांडता पूर्ण ऐका आणि मनात येईल ते लिहा, अशी विनंती केली होती. पत्रं माझ्या वेंगुर्ल्याच्या माईक-भोंग्याच्या दुकानावर आली, काही मासिकाकडून फिरून आली. बरीचशी तक्रारीची आहेत आणि मला त्याचा आनंद आहे. ऐकल्याशिवाय एवढी नेमकी तक्रार करता येत नाही.

सावंतवाडीहून एक निवृत्त बँक कर्मचारी लिहितात: पहिलं गाणं मिनिटभराचंही नाही. चार-पाच तुकडे तर कुणी वाद्यं लावत बसल्यासारखे वाटतात. ज्याने बीटल्सची गाणी केली त्याने असं अर्धंमुर्धं लोकांपुढे का ठेवावं? ऐकणारा पैसे मोजूनच घेतो ना?

तुमची तक्रार नवी नाही. तबकडी आली तेव्हा तिकडच्या समीक्षकांनी साधारण हेच लिहिलं होतं, आणि मी ती खोडून काढणार नाही. तुकडे अर्धे आहेत. पण ते कसे झाले ते ऐका, म्हणजे त्यांच्याकडे बघायची नजर बदलेल.

1969 च्या नाताळच्या सुमारास मॅकार्टनीने लंडनमधल्या सेंट जॉन्स वुड भागातल्या आपल्या घरी स्टुडर कंपनीचं चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरून एकत्र ऐकवणारं, टेप मशीन आणून ठेवलं. आवाज कमी-जास्त करून एकत्र करणारा मिक्सर नाही. आवाज किती मोठा येतोय ते दाखवणारा काटा नाही. माईकची वायर सरळ मशीनच्या पाठीत खुपसलेली. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे नुसतं वाचून घाम फुटतो. काटा नसला की आवाज कुठे फाटतोय ते टेप मागे घेऊन ऐकल्याशिवाय कळत नाही. ड्रम मोठा आला? माईक हातभर मागे, पुन्हा वाजव, पुन्हा ऐक. झांज कानाला टोचतेय? माईक तिरका कर. जत्रेत ऐन रात्री मिक्सर बसला तर आम्ही दुसरं काय करतो? एकच माईक थेट अ‍ॅम्प्लिफायरला लावायचा, बुवांना समोर बसवायचं, पखवाज थोडा लांब, कोरस त्याच्या मागे. आवाजाचं सगळं गणित मग अंतरावर चालतं. आणि खरं सांगतो, अशा रात्री भजन कानाला जास्त गोड लागतं, कारण माणसं एकमेकांपासून किती अंतरावर बसली आहेत ते ऐकू येतं.

तुम्हाला खटकलेलं ते पहिलं गाणं, ‘द लव्हली लिंडा’, ही त्या मशीनची चाचणी होती. पहिल्या ट्रॅकवर गिटार आणि आवाज. दुसऱ्यावर आणखी एक गिटार. तिसऱ्यावर पुस्तकावर हाताने मारलेल्या थापा. चौथ्यावर बेस. ट्रॅक संपले, गाणं संपलं. लिंडा खोलीत शिरते तेव्हा दार करकरतं, तेही टेपवर आलंय. शेवटी तो हसतो. हे सगळं पुसून, गाणं वाढवून, व्हायोलिनं चढवून त्याला सहज नीटनेटकं करता आलं असतं. त्याने ते तसंच ठेवलं आणि सगळ्यात आधी ठेवलं. ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटातच कळतं की आपण स्टुडिओत नाही, एका माणसाच्या बैठकीच्या खोलीत आहोत. मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो.

‘व्हॅलेंटाइन डे’ मात्र मीही कापलं असतं. त्यात मशीन कळतं, माणूस कळत नाही.

रत्नागिरीहून एक शिक्षिका: माझा मोठा भाऊ बीटल्सवेडा होता. त्याला ही तबकडी कधीच आवडली नाही. ‘याने घर मोडलं’ असं तो म्हणायचा. मी आता पहिल्यांदा ऐकली आणि मला त्यात राग येण्यासारखं काहीच सापडलं नाही. लोकांनी गाणी ऐकून मत दिलं की घटना ऐकून?

ताई, तुमच्या पत्रावर मी बराच वेळ विचार केला. या तबकडीच्या बाबतीत कळीचा प्रश्न हाच आहे.

घटनांचा क्रम असा. मॅकार्टनीच्या जोडीने बीटल्सची गाणी लिहिणाऱ्या जॉन लेननने सप्टेंबर 1969 मध्येच आपल्या माणसांना सांगितलं होतं की मी बाहेर पडतोय, पण ते बाहेर फुटू दिलं नव्हतं. मग मार्च 1970 मध्ये तारखांवरून भांडण झालं. बीटल्सची शेवटची तबकडी आणि मॅकार्टनीची ही, दोन्ही एकाच वेळी बाजारात नकोत म्हणून बाकीच्यांनी त्याला तारीख पुढे ढकलायला सांगितलं. पत्र घेऊन बीटल्सचा ड्रमवाला रिंगो स्टार स्वतः त्याच्या घरी गेला. भांडण करण्यात ज्याला कधी रस नव्हता तोच गेला, आणि मॅकार्टनीने त्याला आरडाओरडा करून घराबाहेर काढलं. शेवटी मॅकार्टनीचीच तारीख राहिली, बीटल्सची तबकडी मे महिन्यात गेली.

त्यावर आणखी एक गोष्ट झाली. मॅकार्टनीला पत्रकारांसमोर बसायचं नव्हतं, म्हणून त्याने तबकडीच्या प्रतीसोबत एक छापील प्रश्नोत्तरांचा कागद पाठवला. लेनन-मॅकार्टनी जोडी पुन्हा गाणी लिहील असं वाटतं का, या प्रश्नापुढे एका शब्दाचं उत्तर होतं: नाही. 10 एप्रिलला लंडनच्या वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. पहिल्या पानावर ‘पॉल बाहेर पडला’. तबकडी दुकानात पोचायच्या आधी तिच्यावर हा शिक्का बसला.

तेव्हा तुमच्या दादाचा राग मला समजतो. लोकांनी घरी नेऊन ती लावली ती कुणाचं चुकलं ते शोधायला. आणि आत काय सापडलं? गवतावर लोळणारी, बायकोला हाका मारणारी, पुस्तकावर थापा मारणारी गाणी. भांडणावर एक ओळ नाही. ज्याच्या घरात सुतक आहे त्याला शेजारच्या घरातलं बारसं जसं टोचतं, तसं ते टोचलं असणार.

पण सगळं रागावर ढकलणंही बरोबर नाही. सोबत्यांची मतं बघा. जॉर्ज हॅरिसनने ‘मेबी आय अ‍ॅम अमेझ्ड’ आणि ‘दॅट वुड बी समथिंग’ ही दोन उत्तम, बाकी सगळी ठीकठाक, असं सांगितलं. लेनन तर कचरा म्हणून मोकळा झाला. लेननचं मत भांडणातलं आहे, ते मी बाजूला ठेवतो. हॅरिसनचं मात्र कानाचं मत आहे. ‘दॅट वुड बी समथिंग’मध्ये शब्द मूठभर आहेत, बाकी गिटारची एक ओळ पुन्हा पुन्हा, आणि ड्रमचे आवाज मधूनमधून त्याने तोंडाने काढलेत. हॅरिसन स्वतः गिटारवाला, त्याला त्यातला संयम ऐकू आला.

गंमत म्हणजे विकत घेणाऱ्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. अमेरिकेत ही तबकडी तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, इंग्लंडात दुसऱ्या. आणि पुढे 1999 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मॅकार्टनीचा एकट्याचा सन्मान झाला, तेव्हा त्याची ओळख करून द्यायला गायक नील यंग उभा राहिला आणि त्याने याच तबकडीच्या साधेपणाचं मनापासून कौतुक केलं. तोपर्यंत ज्यांना भांडण आठवत होतं त्यांचाही राग निवला होता. तुम्ही तर कोऱ्या कानाने ऐकलीत. तुमचं मत दादाच्या मतापेक्षा हलकं समजू नका.

डोंबिवलीहून एक चाकरमानी, मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ: काका, लोकलमध्ये कानात घालून ऐकली. ‘मेबी आय अ‍ॅम अमेझ्ड’ सोडलं तर हाती काही लागलं नाही. ते एक गाणं मात्र रोज ऐकतो. घरी केलेलं असं गाणं होऊ शकतं यावर विश्वास बसत नाही.

विश्वास बसत नाही ते बरोबरच आहे, कारण ते घरी झालेलंच नाही! फेब्रुवारी 1970 मध्ये तो ‘बिली मार्टिन’ अशा खोट्या नावाने ईएमआयच्या अ‍ॅबी रोडवरच्या स्टुडिओत वेळ घेऊन गेला आणि तिथे हे गाणं केलं. ‘एव्हरी नाइट’ही तिथलंच. वाद्यं सगळी त्याचीच, पण खोली मोठी, माईक उत्तम, समोर मुरलेला तंत्रज्ञ. पियानो कसा पसरलाय बघा, आणि गिटार आत येते तेव्हा तिच्यासाठी कशी जागा मोकळी होते. घरच्या मशीनवर हे झालं नसतं. म्हणून ‘घरात एकट्याने केलेली तबकडी’ असं जे छापलं जातं ते निम्मंच खरं. घरच्या टेपही पुढे मॉर्गन स्टुडिओत नेऊन आठ ट्रॅकवर उतरवल्या, त्यावर आणखी वाजवलं.

आणि एवढं गाणं असून 1970 मध्ये त्याने ते सुटं काढलंच नाही. सात वर्षांनी विंग्ज या त्याच्या पुढच्या बँडबरोबरचं कार्यक्रमातलं ध्वनिमुद्रण आलं, तेव्हा कुठे ते अमेरिकेत पहिल्या दहात गेलं.

पण तुम्ही लोकलमध्ये ऐकलीत ना, तिथे एक अडचण आहे. चाकांच्या खडखडाटात मोठं गाणं तेवढं वर येतं, बारीक गाणी खाली जातात. गणपतीला गावी याल तेव्हा रात्री आरत्या आटोपल्यावर, पडवीत बसून ‘जंक’ लावा. दोन मिनिटांच्या आसपासचं गाणं आहे. तीन मात्रांचा संथ झोका, गिटार जवळजवळ कुजबुजणारी. शब्द म्हणजे जुन्या सामानाच्या दुकानातल्या वस्तूंची यादी, आणि त्या वस्तू मोडीत का निघाल्या असा एक साधा प्रश्न. हे गाणं त्याने आपल्याकडे लिहिलं, 1968 मध्ये, ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात बीटल्स राहिले होते तेव्हा. बीटल्सच्या कुठल्याच तबकडीत त्याला जागा मिळाली नाही. दोन वर्षं ते पडून होतं.

तुमच्यासारख्याला हे गाणं लागणारच, असं मला वाटतं. वर्षातून पंधरा दिवस उघडणारं घर तुम्ही पाहिलंय. माळ्यावर तांब्याचं घंगाळ, कोपऱ्यात मोडका पाळणा, आजोबांची छत्री, बंद पडलेला रेडिओ. कुणी टाकत नाही, कुणी वापरतही नाही. ‘जंक’ ऐकताना मला माझ्या आत्याच्या घराचा माळा दिसतो, दर वेळी.

आणि मग तसंच पुढे जाऊन ‘सिंगअलाँग जंक’ ऐका. तीच चाल, शब्दांशिवाय. बऱ्याच वाचकांनी लिहिलंय की एकच गाणं दोनदा देऊन जागा भरली. उलट आहे. शब्दांशिवायचं आधी वाजवलं गेलं, तो पहिला टेक. शब्दांचं नंतर. मागे जो व्हायोलिनांचा ताफा वाटतो ते मेलोट्रॉन आहे, म्हणजे पट्टी दाबली की आत टेपवर भरून ठेवलेला तंतुवाद्यांचा सूर वाजतो असं वाद्य. त्या सुराला किंचित थरथर असते, टेप जुनी झाल्यावर येते तशी. मला दोन्हींतलं हे जास्त आवडतं. शब्द नसल्यामुळे ऐकणारा आपल्या माळ्यावरच्या वस्तू त्यात ठेवू शकतो.

कुडाळहून एक पखवाजी: आमच्या मंडळातल्या पोरांनी मला हसून हसून ऐकवली. मला सगळ्यांत आवडलं ते शेवटचं, नुसतं ढोल वाजतात ते. पण एक विचारतो. सगळंच एकट्याने वाजवलं तर समोरून जाब देणारा कोण? आम्हाला बुवांनी तान घेतली की हात आपोआप उठतो. याचा हात कुणासाठी उठतो?

बुवा, असा प्रश्न वाजवणाराच विचारू शकतो.

आधी त्या शेवटच्याविषयी. ‘क्रीन-अक्रोर’ त्याचं नाव. ब्राझीलच्या जंगलातल्या त्या नावाच्या आदिवासींवरचा माहितीपट त्याने टीव्हीवर पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी ड्रमवर बसला. शिकारीची चाहूल, धावपळ, दम लागणं हे सगळं आवाजांत पकडायचं होतं. त्यात धापा आहेत, त्याच्या आणि लिंडाच्या. स्टुडिओत खरा धनुष्यबाण आणला, धनुष्य वाजवता वाजवता मोडलं. जनावरांचा कळप पळतोय असा आवाज गिटारच्या पेटीवर हात आपटून काढला. शेकोटीही पेटवली, पण ठेवला तो फक्त काटक्या मोडल्याचा आवाज. आलेल्या पत्रांत या तुकड्याला तुम्ही सोडून कुणीच बरं म्हटलेलं नाही. एका वाचकाने तर मशीन बिघडलं असं समजून दोनदा बंद केलं. मला तो पूर्ण जमलेला वाटत नाही, धापांचा भाग ताणलाय. पण ढोल ऐकताना तुमचे कान का टवकारले ते कळतं. तो ठेका धरून ठेवत नाही, मध्येच सोडतो, दम खातो, पुन्हा उचलतो. शिकलेला ड्रमवाला असं करायला धजणार नाही.

आता जाबाचं. खरंच सांगायचं तर जाब देणारा नाही, आणि तो नसल्याचं ऐकू येतं. पहिल्यांदा गिटार वाजवताना पुढे ड्रम काय करणार हे त्याला मनात धरून वाजवावं लागतं, आणि ड्रमवर बसल्यावर मघाशी वाजवलेल्या आपल्याच गिटारच्या मागे जावं लागतं. मघाचा तो बदलत नाही. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्या बुवांनी अचानक गजर चढवला की तुमचा हात उठतो, आणि तुमचा हात उठलेला बघून बुवा आणखी चढतात. ही चढाओढ या तबकडीत कुठेच नाही. ‘मॉमा मिस अमेरिका’ ऐका: बेस आणि ड्रम सुरेख चालतात, पण कुणीच कुणाला डिवचत नाही. बीटल्समध्ये त्याला रिंगो होता, डिवचायला लेनन होता. तबकडी ऐकणाऱ्यांना काहीतरी कमी आहे असं जे सारखं वाटतं, ते मला वाटतं हेच. गाणी कमी पडत नाहीत, समोरचा माणूस कमी पडतो.

पण याच एकटेपणाचा फायदा ‘एव्हरी नाइट’मध्ये होतो. तिथे गाणंच बाहेर जायचं टाळून घरात आपल्या माणसाजवळ बसणाऱ्याचं आहे. त्याला जाब नकोच आहे. तिथे मधल्या जागेत तो शब्द सोडून नुसता सूर लावतो, आणि ड्रम किती मागे राहिलाय ते तुम्ही जरूर ऐका. तुमच्या कानाला पटेल.

मालवणहून एक वाचक: मुखपृष्ठावर चेरी का? आणि जुनी कॅसेट मिळाली तर घ्यावी का?

फोटो लिंडाचा, ती कसलेली छायाचित्रकार होती. भिंतीवर वाडगा आणि सांडलेल्या चेऱ्या. मागच्या बाजूचा फोटो जास्त बोलका आहे: कातडी जाकिटाच्या आत तान्ही मुलगी, तिचं तोंड तेवढं बाहेर. तबकडी कशाविषयी आहे ते तिथेच कळतं.

कॅसेट घ्यायच्या आधी उघडून टेप उजेडात बघा. पांढरे ठिपके दिसले तर बुरशी आहे, ती लावली की प्लेअरचं हेडही खराब होतं. आपल्या पावसात कॅसेट टिकवायची तर फडताळात बारीक बल्ब जळता ठेवावा लागतो. माझ्याकडची प्रत बोटीवर नोकरीला असलेल्या आतेभावाने आणून दिलेली आहे, ती त्या बल्बच्या उबेवरच जगली.

गुहागरहून कॉलेजात शिकणारा एक वाचक: या माणसाच्या इतक्या तबकड्या आहेत की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. इतकं काढणाऱ्याचं सगळंच चांगलं कसं असेल? मी स्वतः फोनवर गाणी रेकॉर्ड करतो.

सगळं चांगलं नाहीच. पन्नास वर्षांहून जास्त काळ हा माणूस गाणी काढतोय, विंग्जसोबत, एकट्याने, मधेच वाद्यवृंदासाठी, मधेच टोपणनावाने नुसतं इलेक्ट्रॉनिक. त्याला गाळणी लावायला जमत नाही, किंवा लावायची नाही. 1971 ची ‘रॅम’ ऐक, ती या तबकडीच्या पुढची पायरी आहे. तिलाही तेव्हा समीक्षकांनी झोडपलं आणि आज लोक डोक्यावर घेतात. 1973 ची ‘बँड ऑन द रन’ ऐक, नायजेरियात लागोसला जाऊन केलेली. ऐनवेळी बँडमधले दोघे सोडून गेले, म्हणून तिथेही ड्रमवर तोच बसला. ही दोन झाली की मग तुझ्या कामाची खरी तबकडी: ‘मॅकार्टनी टू’.

1979 च्या उन्हाळ्यात विंग्ज चालू असतानाच तो पुन्हा एकटा बसला. या वेळी मशीन सोळा ट्रॅकचं, भाड्याने आणलेलं, माईक पुन्हा सरळ मशीनला. सोबत सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य. मे 1980 मध्ये तबकडी आली. इंग्लंडात पहिली गेली, पण समीक्षकांनी थट्टा केली. ‘टेम्पररी सेक्रेटरी’मध्ये सिंथेसायझर जे टकटक टकटक धावतं ते लोकांना बिघाड वाटलं. दोन-अडीच दशकांनी नाचाच्या क्लबांत रेकॉर्डी लावणाऱ्या पोरांनी तेच उचलून धरलं.

त्यातल्या ‘कमिंग अप’ची गोष्ट तू नीट लक्षात ठेव. टेपचा वेग बदलून त्याने स्वतःचा आवाज बारीक, चिरका केला. अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांना ते आवडेना. त्यांनी ग्लासगोच्या कार्यक्रमात विंग्जसोबत वाजवलेली आवृत्ती लावायला सुरुवात केली, आणि तीच तिकडे पहिल्या क्रमांकावर गेली. लेननने मात्र ते गाणं ऐकून एकट्याने केलेली विचित्र आवृत्तीच जास्त आवडल्याचं सांगितलं. ज्याने दहा वर्षांपूर्वी कचरा म्हटलं होतं तोच. मी दोन्ही ऐकतो. जत्रेत भोंग्यावर लावायची झाली तर ग्लासगोची. तू मात्र त्याची एकट्याची ऐक, कारण तिच्यात वाद्य कसं वाजवायचं ते नाही, आवाज कसा बनवायचा हे शिकण्यासारखं आहे.

आणि फोनवर करतोस ते चालू दे. फोन टेबलावर ठेवू नकोस, टेबल घुमतं. दुमडलेल्या गोधडीवर ठेव, तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटणार नाहीत. कौलावर पाऊस असेल तर थांबू नकोस. तोही येऊ दे, फक्त फोन भिंतीच्या बाजूला धर.

अलिबागहून एक गृहिणी: मुलाने याचीच ‘मॅकार्टनी थ्री’ लावून दिली. आवाज थकलाय हो. 78 व्या वर्षी असा आवाज लोकांना ऐकवावा का? माझे सासरे भजन म्हणायचे, आवाज गेल्यावर त्यांनी आपण होऊन बंद केलं.

वहिनी, ‘थ्री’ डिसेंबर 2020 मधली. टाळेबंदीत तो ससेक्समध्ये मुलीच्या कुटुंबासोबत अडकला होता, जवळच्या आपल्या स्टुडिओत रोज जायचा आणि एकटा वाजवायचा. आवाज थकलाय हे खरं. वरच्या सुरांत हवा जास्त, सूर कमी, आणि शब्दाच्या शेवटी तो कापतो. पण ज्याने टेपचा वेग बदलून आवाज चिरका केला होता त्या माणसाने इथे आवाज झाकायला काही केलेलं नाही. 

वय झालेल्या बुवांना माईक लावताना माझा हात काय करतो ते सांगतो. माईक जवळ घेतो. खर्ज थोडा उतरवतो. एको पूर्ण बंद, कारण एकोने कापरेपणा दुप्पट ऐकू येतो. मग बुवांना जोर लावावा लागत नाही, आणि जोर नाही लावला की आवाज फाटत नाही. ‘थ्री’च्या मुद्रणात मला हाच विचार दिसतो. ‘डीप डीप फीलिंग’ आठ मिनिटांवर आहे, ते घाईत ऐकू नका. आणि सगळ्यात शेवटचं ‘व्हेन विंटर कम्स’ ऐका. त्याचा गाभा 1990 च्या दशकात मुद्रित केलेला आहे, म्हणून तिथे अचानक तरणा आवाज येतो: कुंपण दुरुस्त करणारा, झाडं लावणारा माणूस. त्याच्या आधीची सगळी गाणी थकलेल्या आवाजातली, आणि त्यांच्यानंतर हा. दोन्ही आवाज एकाच बैठकीत ऐकायला मिळतात, ते मला महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या सासऱ्यांनी थांबायचं ठरवलं, तो त्यांचा अधिकार. पण घरात कुठे त्यांच्या भजनाची कॅसेट पडली असेल तर ती या पावसाआधी दुकानावर पाठवा. बुरशी लागली असली तरी पाठवा. मी साफ करून, पेन ड्राइव्हवर उतरवून परत करीन, पैसे नकोत.